गुरुजी, विहिरीवरची वही चालू आहे

आदरणीय गुरुजींना, तासगाव तालुक्यातल्या आपल्या गावच्या तंटामुक्ती समितीचा नमस्कार.

15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. आबांनी (आर. आर. पाटील) गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, गावोगाव समित्या झाल्या. तंटा मिटवून नोंद करायला आम्ही तेव्हाच शिकलो. पण मिटलेल्या तंट्यानंतर भाऊ भावाशी बोलायला कसा लागतो, ते तुम्ही शिकवलंत. सामायिक विहिरीवरून अबोला धरलेली घरं आपल्याकडे थोडी नाहीत, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानतोय.

पहिली गोष्ट, दोघांना एकदम समोरासमोर बसवायचं नाही. आधी एकेकाच्या घरी जायचं, अर्धा तास ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. आणि घरातल्या बायकांचंही ऐकायचं. आम्ही पूर्वी पुरुषांचीच बैठक घ्यायचो. ते हात मिळवून घरी जात, आणि दोन्ही जावांच्या मनातलं तसंच राहून महिन्याभरात भांडण पुन्हा उभं राही. बहुतेक वेळा वर पाण्याचा वाद असतो आणि खाली दुसरंच सलत असतं, आजारपणात कुणी डोकावलं नाही, लग्नाचं आवतण शेवटी दिलं, असलं काही.

माफीबद्दल तुम्ही फार कडक होता, आणि तेच बरोबर होतं. माफी मागणाऱ्याने तीन गोष्टी बोलायच्या: मी नेमकं काय केलं, त्याने तुझं काय नुकसान झालं, आणि आता मी काय करणार. "तुझ्या पाळीत मी रात्री मोटार चालू केली, तुझ्या बागेला पाणी कमी पडलं, इथून पुढे वहीत लिहिल्याशिवाय स्टार्टरला हात लावणार नाही." एवढंच. त्यात 'पण' आला की माफी संपली. "झालं गेलं गंगेला मिळालं" हे ज्याचं नुकसान झालं त्याने म्हणायचं. चूक करणाऱ्याने म्हटलं तर ते मीठ चोळणं होतं. चारचौघांत पाया पडायला तर कुणालाच लावायचं नाही. तो त्या दिवशी वाकतो, पण अपमान मनात धरून ठेवतो.

आणि माफ केलं म्हणजे भरवसा बसला असं नाही. तो वहीने बसतो, हे तुमचं म्हणणं आम्हाला आधी पटत नव्हतं. मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली दोनशे पानी वही, सुतळीने बांधलेलं पेन. रकाने चारच: चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, लाईट किती वेळ गेली, सही. आठ तासांच्या पाळीत तीन तास लाईट गेली, तर ते तीन तास ज्याचे त्याला भरून द्यायचे, मग दुसऱ्याची पाळी सुरू. हे आधी ठरलेलं नसलं की लाईट गेल्याचा रागही भावावरच निघतो.

पाळीची मेख तर तुम्हीच दाखवलीत. दोघांत आठवड्याआड पाळी लावली आणि फिडरची (शेतीला वीज देणाऱ्या लाइनची) दिवसाची-रात्रीची लाईटही आठवड्यालाच बदलत असली, तर एकाच्या वाट्याला कायम रात्र येते. कुणी फसवत नसतं, तरी थंडीत अंधारात पाणी पाजणाऱ्याला फसवल्यासारखंच वाटतं. चार-चार दिवसांची पाळी केली की रात्र दोघांत वाटली जाते.

खर्चही आधीच लिहून ठेवायचा. आठ-आठ आणे हिस्सा असेल तर बिल आणि दुरुस्ती निम्मी-निम्मी. विजेच्या तीन तारांपैकी एकीची वीज, म्हणजे एक फेज, जाऊन मोटार जळली, तर पाळी कुणाची होती हे विचारायचं नाही. मात्र संरक्षणाची जोडणी काढून कुणी मोटार डायरेक्ट चालवली असेल, तर रिवाइंडिंगचा, म्हणजे मोटारीची जळालेली तार पुन्हा गुंडाळण्याचा, खर्च त्याचा.

आधी पाणी, मग बांधावरची वाट, आणि पैशाचा एकत्र व्यवहार सगळ्यात शेवटी. किमान एक हंगाम वही सरळ चालल्याशिवाय भागीत ट्रॅक्टर घेऊ नये. मध्ये चूक झालीच तर त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगायची; दुसऱ्याच्या तोंडून कळली की पुन्हा पहिल्यापासून.

दावा कोर्टात असेल तर लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं, म्हणून घरी चार वेळा वाचल्याशिवाय सही करू नका, हेही तुम्हीच बजावलंत. आणि जिथे मारहाण झाली आहे तिथे बाईला "माफ कर" म्हणून समितीने गळ घालायची नाही, यासाठी तुम्ही बैठक सोडून उठला होता. त्या उठण्याबद्दल तर विशेष आभार.

द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बागायतदाराला बसायला सवड नसते, म्हणून बैठका आम्ही पावसाळ्यातच घेतो. यंदाही घेऊ. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल, नुसते कोपऱ्यात येऊन बसा.

आपली,
तंटामुक्ती समिती