खुराड्यात हात घालू नका, बाबा

१४ जून २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई बोलता बोलता सांगून गेली की मंगळवारी रात्री कोंबड्या ओरडल्या, बाबा उठले, अंधारातच मागल्या दारानं गेले आणि त्यांनी खुराड्यात हात घातला. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली हाताला गार काहीतरी लागलं. "धामण होती, गेली निघून," एवढं बोलून आई आंब्याच्या साठांवर आली. मी फोन ठेवला, पण रात्रभर मला तो हातच दिसत राहिला. हे फोनवर बोलायला गेले असते तर मला रडू आलं असतं आणि बाबांनी "बरं बरं" म्हणत फोन आईकडे दिला असता. म्हणून लिहायला बसले. आई, तू हे मोठ्यानं वाचून दाखव. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय.

बाबा, ती धामण होती हे तुम्हाला ती पळाल्यावर कळलं. हात घातलात तेव्हा ठाऊक नव्हतं. अंडी-पिल्लांच्या वासावर धामण येते तसा नागही येतो. भर उन्हात चांगली डोळस माणसं धामणीला नाग समजतात आणि नागाला धामण. तुम्ही तर बॅटरीसुद्धा न घेता गेला होतात. लहानपणी पाणंदीनं शाळेत जाताना काठी आपटत चालायला मला तुम्हीच शिकवलंत. दिवड कशी असते, नानेटी कशी असते, ओढ्याच्या कडेला थांबवून तुम्ही दाखवलंत. वाडीत कुणाच्या घरात किरडू शिरलं की हाक तुम्हालाच यायची. तुमच्या माहितीबद्दल मला शंका नाही. पण आता नजर तेव्हाची नाही आणि चपळाईही नाही.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. बिळांत पाणी भरलं की उंदीर बाहेर पडतात, त्यांच्यामागे साप येतात. इथं आमच्याकडे अपघात विभागात पावसाळा लागला की दंशाचे पेशंट वाढतात, बारा वर्षं बघते आहे. आपल्या भागातले बहुतेक फुरशाचे. हातभरही लांब नसतं, पातेऱ्याच्या रंगाचं, जांभ्याच्या गडग्यात दडलेलं. चिडलं की वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. तो ऐकू आला तर नशीब.

असा पेशंट आला की आम्ही त्याचं दोन मिलिलीटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतो आणि नळी स्टँडला उभी करून ठेवतो. वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. नातेवाईक दारातून विचारत असतात, "सिस्टर, बरा होईल ना?" मी घड्याळाकडे बघत असते. वीस मिनिटं झाली की नळी हळूच आडवी करायची. रक्त साकळून घट्ट झालं असेल तर निदान त्या घडीला तरी जीव भांड्यात पडतो. पाण्यासारखं वाहत आलं तर समजायचं, विष अंगात भिनलंय, रक्ताची गोठायची ताकद गेली. मग सलाईनमधून सर्पविषावरची लस सुरू करायची, सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या. परवा रात्री, आईचा फोन येऊन गेल्यावर, मी अशीच एक नळी आडवी केली. पेशंट तुमच्याच वयाचे होते.

ही लस तुम्हाला परकी नाही, बाबा. ८२च्या संपात गिरणी सुटेपर्यंत तुम्ही परळला राहिलात. तिथलीच ती हाफकिन संस्था. घोड्याला विष थोडं थोडं टोचतात, त्याच्या रक्तात विषाशी लढणारं द्रव्य तयार होतं, त्यापासून लस बनवतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर ही एकच लस चालते. म्हणून साप कुठला होता ते बघायला त्याच्यामागे धावायचं नाही, मारून पिशवीतून आणायचा नाही. मारण्याच्या नादात दुसऱ्याला चावलेला मी पाहिलाय. मेलेल्याचं तोंडही काही वेळ चावू शकतं.

आता खुराड्याचं. गेल्या वर्षी तुम्ही भोवती नायलॉनचं जुनं जाळं गुंडाळलंत. ते आधी काढा. त्यात साप अडकतो, रात्रभर धडपडतो आणि सकाळी जाळं सोडवायला जाणाऱ्याला चावतो. त्याऐवजी अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी लावायची, चारी बाजूंनी आणि खालूनही. दाराची फट करंगळी जाणार नाही इतकी बारीक हवी. मी पैसे पाठवलेत. वाडीतल्या सुताराशी बोलणं झालंय, सोमवारी येईल. खुराडं दोन हात उंच पायांवर घ्यायला सांगितलंय. उंचीनं साप अडतो असं नाही, धामण झाडावरसुद्धा चढते. पण खाली मोकळं राहिलं की दडायला जागा उरत नाही आणि तुम्हाला वाकावं लागत नाही.

आई, हे तुझ्यासाठी. संध्याकाळी कोंबड्यांना कणी टाकतेस ती त्या टिपतील तेवढीच टाक. उरलेल्या कणीवर उंदीर येतात आणि सापाचं खरं आमंत्रण ते. कणीचा डबा झाकणाचा हवा. अंडी दिवे लागायच्या आत काढून घे. न्हाणीघराला लागून रचलेली लाकडं मांगराकडे हलवायला गडी लाव, तू स्वतः उचलू नकोस. डांबराच्या गोळ्या, फिनेल यांवर पैसे घालवू नका, त्यांनी साप अडत नाही.

आणि पडवीत चटईवर झोपणं बंद. मला माहीत आहे, तुला पंख्याखाली गुदमरतं आणि पडवीत वारा लागतो. तरी नको. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दुखत नाही, सूज नाही, कधीकधी दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, माणूस म्हणतो पित्त झालं. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, शेवटी श्वास. वरच्या वाडीतली माझ्या वर्गातली मुलगी तुला आठवते ना? आपण सगळे तिला ओवा आणि सोडा देत बसलो होतो. मी नर्स झाले त्याला ती पहाटही कारण आहे, हे तुला कधी बोलले नाही. पडवीतच झोप हवं तर, पण खाटेवर, मच्छरदाणी लावून, आणि तिची कड गादीखाली सगळीकडून खोचून.

काही झालंच तर काय करायचं तेही सांगून ठेवते. धावायचं नाही. दोरी आवळून बांधायची नाही, फुरशा-घोणशीच्या दंशाला बांधलेला पाय सडलेला मी पाहिलाय. कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढायची, कारण सूज चढली की ती मांसात रुततात. आई, तुझी डाव्या पायातली जोडवी आताच घट्ट झालीत, ती आजच साबण लावून काढून ठेव. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तसा कांबीला सैल बांधून स्थिर ठेवायचा. १०८ला फोन करायचा. गाडीला वेळ लागणार असेल तर शेजारच्यांची रिक्षा काढायची आणि थेट तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जायचं. मला फोन त्यानंतर.

भगताकडे थांबायचं नाही, बाबा. तुमची श्रद्धा मला मोडायची नाही. पण विंचवाचं आठवा. तुमच्या तरुणपणी विंचू चावला की पोर जायचं आणि सगळे अंगाऱ्यावर बसायचे. महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनच्या गोळ्या देऊन माणसं वाचवली, तेव्हा तुम्हीच वाडीत सांगत फिरलात, "आधी डॉक्टर." सापालाही तेच. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं मी घालीन. तुम्ही आधी गाडीत बसा.

कोंबड्या पुन्हा ओरडल्या तर ओरडू देत. दार उघडायचं, बॅटरी मारायची आणि लांबूनच बघायचं. साप दिसला तर वनखात्याला १९२६ वर फोन लावायचा, किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवायचं. तो येईपर्यंत चार अंडी गेली, एखादी कोंबडी गेली तरी जाऊ दे. तांबडी तुमची लाडकी आहे हे मला ठाऊक आहे. तीही गेली तरी चालेल.

मी चवथीच्या आठ दिवस आधी येते. ऑपरेशनची तारीख तेव्हा ठरवू. तोवर गमबूट घालून परसात जा.

मागल्या दाराजवळ डाव्या हाताला मी मे महिन्यात खिळा ठोकला होता, बॅटरीसाठी. आई, आज रात्री फोन करीन तेव्हा ती तिथं लटकलेली आहे का, एवढं बघून सांग.

तुमची,
सुमी