आज नवीन व्हिडिओ नाही

महोदय,

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण पहिल्या पानावर छोटी चौकट छापता : कार्यालयास सुट्टी असल्याने उद्याचा अंक प्रसिद्ध होणार नाही. आमच्याकडे तीस वर्षं पेपर येतो. त्या चौकटीपायी कुणी पेपर बंद केल्याचं ऐकिवात नाही. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला अख्खी दिवाळी घालवावी लागली.

मी यूट्यूबवर घरगुती पदार्थांचं चॅनेल चालवते. फराळाच्या कृती लोक आधीच शोधू लागतात, त्यामुळे आमची दिवाळी पितृपक्षात सुरू होते. गेल्या वर्षी भाजणीच्या चकलीचं शूटिंग तीनदा केलं. पहिल्यांदा चकल्या तुटल्या. दुसऱ्यांदा छान झाल्या, तर मोबाइलची मेमरी फुल्ल. तिसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी बोअर मारायला घेतली. पंखा बंद, खिडकी बंद, समोर तापलेलं तेल आणि आवाज मात्र हसरा ठेवायचा. त्या चकल्या दसऱ्याआधीच संपल्या. नरकचतुर्दशीला पानात बचत गटाचा फराळ होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या पुडक्यावरचं लेबल वाचत बसल्या.

पण त्याहून वाईट म्हणजे, "काकू, मोहन किती घालायचं?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. अहो, हेच सांगायला तर चॅनेल काढलं होतं! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तिच्या लक्षणांत थकव्याबरोबर कामाविषयीची ही अढीही आहे. मी आपली पित्त समजून आमसुलाचं सार पीत होते.

रात्री दोनला उठून यूट्यूबचं स्टुडिओ ॲप बघायचं. नवा व्हिडिओ आपल्याच शेवटच्या दहा व्हिडिओंत कितवा, ते तिथे दिसतं. दहापैकी नववा! शर्यत कुणाशी, तर माझ्याच भरल्या कारल्यांशी.

थांबलं तर सगळं जाईल, ही धास्ती. शेवटी लेकीने नियम वाचून दाखवला. जाहिरातींचं उत्पन्न सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचे ४००० तास लागतात, ते मी कधीच ओलांडले होते. चॅनेल निष्क्रिय म्हणून ते उत्पन्न बंद होऊ शकतं, पण ६ महिने किंवा त्याहून जास्त काळ काहीच टाकलं नाही तर. मी ६ दिवसांना घाबरत होते. सुट्टी घेतली की व्ह्यूज उतरतात हे खोटं नाही, माझेही उतरले.

आता पापड-कुरडयांसारखी व्हिडिओंचीही बेगमी करते. महिन्यातले दोन दिवस शूटिंग, दिवसाला तीन-चार पदार्थ, दोन व्हिडिओ कायम शिल्लक. रविवारी मोबाइल कपाटात.

हे लिहिण्याचं कारण, आमच्याकडे बायकांसाठी निघालेला रील्सचा एक वर्ग. फळ्यावर लिहिलं होतं, 'रोज १ रील, ३६५ दिवस'. समोर बसलेल्या बायका पहाटे पाचला उठून डबे करणाऱ्या. असे वर्ग घेणाऱ्यांना विनंती, की सुट्टी कशी घ्यायची यावरही एक तास ठेवा. आणि आपण त्यांची बातमी छापाल तेव्हा तेवढं विचारा.

यंदा लक्ष्मीपूजनाला मीही चौकट टाकली : आज चॅनेलला सुट्टी. खाली पहिलीच कमेंट आली, "बरं झालं काकू, आज आम्हीपण बाहेरूनच मागवतो."

— एक वाचक, कराड