मंत्रिमहोदय, मुलांची चुकलेली उत्तरं एकदा वाचा

माननीय शिक्षणमंत्री,
सविनय नमस्कार.

सहावी ते आठवीच्या वर्गांना मी गेली २२ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवते आहे. कोणता धडा कोणत्या महिन्यात संपला, किती तासिका झाल्या, किती मुलं पास झाली, ही सगळी माहिती आपल्या खात्याकडे तक्त्यांत भरलेली आहे. ती आम्हीच भरतो. पण मुलं नेमकं काय शिकली हे त्या तक्त्यांत सापडत नाही. ते सापडतं चुकलेल्या उत्तरांत, आणि त्यांवर आम्ही लाल फुली मारून पुढे जातो. गुणांची बेरीज वर पोचते, उत्तरं रद्दीत जातात.

म्हणून आज तक्रारीऐवजी काही उत्तरंच पाठवते आहे.

८ + ४ = □ + ५. चौकटीत काय येईल? सातवीच्या वर्गात विचारलं की बरीच मुलं १२ लिहितात. काही जण दिसेल ते सगळं मिळवून १७ लिहितात. ७ लिहिणारी थोडीच. या मुलांना बेरीज येत नाही असं मुळीच नाही. पहिलीपासून त्यांनी बरोबरचं चिन्ह 'आता उत्तर लिहा' याच अर्थानं पाहिलंय. दोन्ही बाजू सारख्या आहेत असं ते चिन्ह सांगतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आता हीच मुलं समीकरणं सोडवायला बसतात आणि 'पद पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हा मंत्र घोकतात. का बदलतं, ते विचारू नका. घोकणाऱ्याला पैकीच्या पैकी मिळतात आणि आमच्या तक्त्यात त्याच्यापुढे 'साध्य' असा शिक्का बसतो.

दुसरं उत्तर. ०.५ आणि ०.४५ यांत मोठं कोण? '०.४५, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे.' कारणासह लिहिलेलं, नीटनेटक्या अक्षरात. या चुकीत माझाही वाटा आहे. कित्येक वर्षं मी फळ्यासमोर उभी राहून 'शून्य पॉइंट पंचेचाळीस' असंच वाचत होते. मुलांच्या कानावर पंचेचाळीस पडत होतं, त्यांनी पंचेचाळीस धरलं. 'चार पाच' असं सुटं वाचायला लागल्यापासून ही चूक संपली नाही, पण कमी झाली.

आपल्या शब्दांनीही कधी कधी घोळ होतो. 'अपूर्णांक' म्हटलं की मुलाला ती काहीतरी अपुरी, एकापेक्षा लहान संख्या वाटते. मग आम्ही ७/४ लिहून त्याला 'अंशाधिक अपूर्णांक' म्हणतो. एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, अपूर्ण आहे तर एकापेक्षा जास्त कसा?" प्रश्न अगदी रास्त होता. मी त्या दिवशी 'व्याख्या पाठ कर' म्हणाले, कारण घटक संपवायचा होता.

अपूर्णांकांचं दुखणं आपल्याच मुलांचं आहे असं समजू नका. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ या बेरजेचा फक्त अंदाज करायला सांगितला होता. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक एक आहेत, म्हणजे उत्तर साधारण २. तेवढं दिसलं फक्त २४ टक्के मुलांना. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे नुसते अंश मिळवले नाहीतर नुसते छेद. लसावि काढून छेद समान करण्याची रीत आमच्या मुलांना याहून चांगली येत असेलही. पण उत्तर दोनच्या आसपास असायला हवं हे न दिसता आलेली रीत दिवाळखोरच, असं माझं मत आहे.

ऋण संख्यांचं तर मला वाईटच वाटतं. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज, या भाषेत त्यांचे नियम मांडले. 'ऋण' हा शब्द कर्ज या अर्थानं आपल्या मराठीत आजही जिवंत आहे. कर्ज काढून टाकलं की माणूस तेवढा श्रीमंत होतो, हे सहावीतल्या मुलाला एका वाक्यात पटतं, आणि ऋण वजा केलं की अधिक का होतं तेही त्यातूनच उलगडतं. तरी आम्ही 'वजा वजा अधिक' एवढंच पाठ करून घेतो. मग मुलं −३ − ४ चं उत्तरही ७ लिहितात. वजा वजा अधिक!

विज्ञानाकडे वळते. 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उकडते.' हे उत्तर दरवर्षी येतं, आणि दोष बराचसा चित्रांचा आहे. कक्षा तिरकस कोनातून काढलेली असते, म्हणून ती लांबुळक्या अंड्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती जवळपास वर्तुळच आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैत, सुमारे १५.२ कोटींवर. म्हणजे उत्तर गोलार्ध गारठलेला असतो तेव्हाच ती सूर्याला सर्वांत जवळची. ऋतू होतात अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. मुलं हा आकडा बिनचूक सांगतात, आणि पुढच्याच ओळीत 'जवळ जाते' लिहितात. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी, एकमेकींची ओळख न होता राहतात.

आणि झाडाचं लाकूड कुठून येतं? 'मातीतून.' प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण तोंडपाठ असलेली मुलंही हेच लिहितात. मी या उत्तरावर रागवत नाही, कारण याला मोठी परंपरा आहे. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या युरोपीय शास्त्रज्ञानं कुंडीत सुमारे २०० पौंड माती घालून विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सुमारे १६४ पौंडांनी वाढलं, माती जेमतेम दोन औंस घटली. म्हणजे माती नव्हे. मग त्यानं ठरवलं की लाकूड पाण्यापासूनच होतं, आणि तोही चुकला. गंमत अशी की 'गॅस' हा शब्दच त्यानं दिलेला, आणि कोळसा जळताना निघणारा वायू त्यानं वेगळा ओळखला होता. तो वायू म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, ज्यातून झाड आपलं लाकूड घडवतं. उत्तर हातात असून त्याला दिसलं नाही. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलं पुढे सरकून बसतात. पण तिला एक अख्खी तासिका लागते.

खरा प्रश्न या तासिकेचाच आहे. दरवेळी आपल्याकडून काहीतरी नवं येतं: एखादा विषय, एखादा सप्ताह, मूल्यमापनाचा नवा नमुना. त्यातलं पुष्कळसं चांगलंही असतं. पण काय काढून टाकायचं, याचं परिपत्रक मी आजवर पाहिलेलं नाही. मला विचाराल तर आठवीतला बहुपदींचा भागाकार वर्षभर थांबवा आणि तो वेळ सहावीतल्या अपूर्णांकांना द्या. विज्ञानातही थोडे धडे कमी करा. काही सहकारी माझ्यावर चिडतील, पुढच्या वर्गात मुलं मागे पडतील म्हणतील. अपूर्णांक न कळलेलं मूल आधीच मागे पडलेलं असतं, फक्त ते निकालात दिसत नाही.

एवढंच करा. वार्षिक परीक्षेतले दहा प्रश्न निवडा आणि त्यांना किती गुण मिळाले याऐवजी काय काय चुकीची उत्तरं आली, हे शाळांकडून मागवा. ती पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांच्या टेबलावर ठेवा आणि आमच्या प्रशिक्षणातही ठेवा. भाषणं कमी झाली तर आमची हरकत नाही. आणि कृपा करून त्यावरून शाळांची क्रमवारी लावू नका. लावलीत तर दुसऱ्या वर्षीपासून एकही चुकीचं उत्तर आपल्यापर्यंत पोचणार नाही, त्याची व्यवस्था आम्ही शिक्षकच चोख करू.

मागच्या तीन वर्षांची अशी उत्तरं मी एका वहीत उतरवून ठेवली आहेत. मुलांची नावं त्यात नाहीत. आपण मागवलीत तर वही पाठवते.

आपली नम्र,
एक शिक्षिका