कटातले सगळे सारखे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका खटल्याच्या बातमीत छापलं होतं, ‘कटात सामील, म्हणजे खुनाला तोही तितकाच जबाबदार.’ मी एकतीस वर्षं ग्वाल्हेरच्या कोर्टात वकिलांकडे मुन्शी होतो. ते वाक्य काही घशाखाली उतरलं नाही.

इथल्या फिर्यादी हिंदीत. त्यांत ‘एक राय होकर’ (म्हणजे संगनमत करून) हे तीन शब्द ठरलेले. बांधावरून दोघा भावांनी कुणाला बदडलं, तरी एक राय होकर! एका खुनाच्या केसमध्ये आरोपी नंबर पाच पंक्चरवाला होता. आरोपींच्या मोटारसायकलला त्यानं आदल्या संध्याकाळी ट्यूब घातलेली. त्याच्या तेलकट वहीतली तेवढी एक ओळ कटाचा पुरावा म्हणून चालानला, म्हणजे आरोपपत्राला, जोडली होती. जामिनाला आठ महिने लागले.

कायदा कडक आहे, नाही असं नाही. १९१३ साली दंडसंहितेत कटाची कलमं १२०-अ आणि १२०-ब आली. १ जुलै २०२४ पासून तेच न्याय संहितेचं कलम ६१. गुन्हा करायचं ठरलं एवढं सिद्ध झालं, की तो घडला नाही तरी शिक्षा. पण ठरल्यानंतर एकानं जे जे केलं, ते बाकीच्यांच्या माथी आपोआप बसत नाही. अमेरिकेत १९४६च्या पिंकर्टन निकालापासून ते बरंचसं बसतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये संसद हल्ल्याच्या निकालात ते मानलं नाही. कटाची शिक्षा कटासाठी. खुनाच्या कलमाखाली धरायचं तर ज्याचा त्याचा हात दाखवा. (कटाची शिक्षाही फाशीपर्यंत जाऊ शकते, ही गोष्ट वेगळी.) आणि अटकेनंतर कोठडीत एकानं घेतलेली दुसऱ्याची नावं कटाच्या पुराव्यात धरत नाहीत, हे तर प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजी अमदानीतलं शेवटचं अपिलाचं कोर्ट) १९४० मध्येच सांगितलंय.

आम्हा ग्वाल्हेरकरांना हे ठाऊक असायला हवं. गांधीहत्येतलं पिस्तूल इथूनच गेलं. लाल किल्ल्यात आठ जणांवर खटला चालला, फेब्रुवारी १९४९ मध्ये सात दोषी ठरले. इथले डॉ. परचुरे आणि पुण्याचा शस्त्रविक्रेता बडगे याचा नोकर शंकर, दोघांना जन्मठेप. जूनमध्ये अपिलात दोघेही सुटले. गंमत पाहा, मालक बडगे माफीचा साक्षीदार होऊन मोकळा, आणि त्याच्या हुकमानं वागणारा नोकर आत! इथल्या लष्कर भागातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात परचुरे अजून येतात. शंकर कुणाला आठवत नाही.

तेव्हा विनंती इतकीच, की पुढच्या वेळी कुणावर कोणतं कलम लागलंय आणि त्यानं स्वतः काय केल्याचा आरोप आहे, ते माणसागणिक छापा. जागा पुरत नसेल तर फोटो लहान करा.

आपला,
एक जुना मुन्शी
लष्कर, ग्वाल्हेर