लेकीला एकटीला विचारा, मग सही घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाडवा जवळ आला की आमच्या भागात घराघरांत वाटणीची बोलणी निघतात. सालगडी, बटई (अर्ध्या वाट्यानं रान करणं), ठोका (ठरावीक रकमेनं रान करणं), सगळं पाडव्यापासून पाडव्यापर्यंत चालतं, म्हणून वाटण्याही त्याच सुमारास उरकतात. याच दिवसांत रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून आलेल्या बहिणी दिसतात. त्या हक्कसोडपत्रावर, म्हणजे माहेरच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही करायला आलेल्या असतात. त्यांच्याविषयी हे पत्र आहे. मी औसा तालुक्यातला शेतकरी, वय 73. अशी एक सही मी स्वतः घेतलेली आहे.

आमचे दादा 1989 साली गेले. वारसाला आम्हा दोघा भावांबरोबर आक्काचंही नाव लागलं. तिला सासरहून आणायला मीच गेलो. "एक सही द्यायची हाय," एवढंच सांगितलं, तिनं कशाची ते विचारलं नाही. कचेरीत आम्ही दोघं भाऊ, दोन साक्षीदार आणि मधे ती. समोरच्यानं विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना?" आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. परत येताना मी तिला हिरवी इरकल घेतली. घरी आल्यावर तिनं एकच वस्तू मागितली, मायची पितळी घागर. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी मायचं नाव घातलेली, बुडाला डाख दिलेली. मी म्हणालो, "घरातलं भांडं बाहेर कशाला?" ती गप्प बसली.

1996 ला दाजी वारले. आक्कानं दुसऱ्याच्या रानात खुरपणी करून दोन लेकरं वाढवली. तिनं सोडलेल्या रानात मी तेव्हा तुरीची रास करत होतो. दरवर्षी पंचमीला ती यायची, झोका खेळायची, माझ्या लेकरांना खाऊ आणायची. रानाचा शब्द तिनं कधी काढला नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून हे माझ्या मनातून जात नाही.

म्हणून गेल्या पाडव्याला मी हयातीतच वाटणी करायची ठरवली. मला दोन मुलं आणि एक मुलगी. थोरला शेती बघतो, धाकटा चाकणला कंपनीत आहे, सगळ्यात धाकटी लेक निलंगा तालुक्यात दिलेली. रान 11 एकर, त्यात 7 एकर काळं आणि 4 एकर माळ. मी आणि मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोनं, एक एकर काळं आणि एक एकर माळ आपल्याकडं ठेवायचं, बाकी तिघांना प्रत्येकी दोन एकर काळं आणि एक एकर माळ, असा हिशोब मांडला. थोरला म्हणाला, "ताईला हिस्सा दिला अन् उद्या तिनं परक्याला विकला तर बांधाला कोण येईल?" त्याचा प्रश्न मी वाईट धरला नाही, जो राबतो त्याला ही काळजी असतेच. सगळ्यांदेखत लेकीला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "मला काही नको, आबा."

मी तिथंच कागद पुढं केला असता तर तिनंही सही केली असती. त्या रात्री तिची माय तिला घेऊन माळवदावर झोपायला गेली आणि दोघीच असताना परत विचारलं. तेव्हा लेक म्हणाली, "रान नको असं कुणाला वाटतंय का माय? पण मागितलं तर पंचमीला मला न्यायला कुणी येणार नाही, त्याचं भ्याव वाटतं." सकाळी मंडळींनी मला हे सांगितलं. चौघांत नको म्हणणारी लेक एकटी असताना काय बोलते, हे मला वयाच्या 72 व्या वर्षी कळलं.

कायदा तर कधीचाच बदलला आहे. महाराष्ट्रात 1994 सालीच लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क देणारी दुरुस्ती झाली होती. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्याच मुलींना, लग्न झालेल्यांनाही, तो हक्क मिळाला. त्या तारखेला बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. आमच्या घरात निजामाच्या काळातले उर्दू कागद आहेत, 1954-55 च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल आहे. मी सगळे काढून बघितले. मालक म्हणून एकाही कागदावर बाईचं नाव नाही.

रानाचं ठरल्यावर मधे एक दिवस सोडून घरातलं सामान वाटायला काढलं. आमच्याकडं जुनी रीत आहे, वाटे थोरल्यानं लावायचे आणि आधी धाकट्यानं उचलायचा. म्हणजे वाटे लावणारा आपोआप बरोबर लावतो. ढेलजेत सतरंजी अंथरून सगळं मांडलं. घागरी, हंडे, घंगाळ, दोन पराती, लोखंडी पेट्या, तुषारचे 30 पाइप, फवारणीचे पंप, तिफण, कुळव. बळदाच्या तळाशी राहिलेली दीड पोतं ज्वारीसुद्धा मापून घेतली. मंडळींच्या अंगावरचं मात्र वाटणीत धरलं नाही, ते तिचं आहे. बैलजोडी तोडता येत नाही आणि ती थोरल्यालाच लागते. हाळीच्या बाजारात अशा जोडीला काय दर चाललाय ते विचारून 90 हजार किंमत धरली. सोसायटीचं कर्ज दीड लाख होतं, तेही तिघांवर आलं, 50-50 हजार. बैलांपोटी थोरल्याकडून इतर दोघांचे 30-30 हजार निघत होते, ते त्यानं कर्जात घेतले. म्हणजे त्याच्याकडं 1 लाख 10 हजार आणि बाकीच्यांकडं 20-20 हजार. हा हिशोब धाकट्यानं मोबाइलवर दोनदा करून सगळ्यांना दाखवला. कर्ज वाटून घेतल्याशिवाय वाटणी पुरी झाली असं मी मानत नाही.

पहिला वाटा लेकीनं उचलला. त्यात जातं होतं. थोरली सून काही बोलली नाही, पण तिची नजर जात्यावरच होती. अठरा वर्षं ती त्यावर डाळ भरडतेय, खुंटा तिनंच दोनदा बदलून घेतलेला. लेकीनं खुंट्यावर हात ठेवला, तो हाताला गुळगुळीत लागला असेल. ती म्हणाली, "वहिनी, हे तुमच्याच हाताला बसलंय," आणि बदल्यात वहिनीच्या वाट्यातला पाटा-वरवंटा घेतला. थोरल्यानं त्यानंतर विकण्याबिकण्याची गोष्ट काढली नाही. संध्याकाळी त्यानंच बहिणीला विचारलं, "तुझं रान मी बटईनं करू का?" तीन वर्षांची बटई निम्म्यानं ठरली आणि तीही कागदावर घेतली.

तहसीलला जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली सगळ्यांच्या संमतीनं अर्ज दिला. खर्चाचं कारण आता सांगता येत नाही, वाटणीपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो आणि मे 2025 मध्ये सरकारनं शेतजमिनीच्या वाटणीची नोंदणी फीही माफ केली. कागदात आम्ही उत्तरेच्या बांधाला गाडीवाट सोडली. विहीर चौघांची सामाईक, दोन-दोन दिवसांची पाळी, लाईट रात्रीची असो की दिवसाची. येळवस (वेळ अमावास्येचा सण) सगळ्यांनी रानातल्या एकाच कोपीत करायची, हेही लिहायला लावलं. लिहिणारा म्हणाला, हे कशाला कागदात? मी म्हणालो, माझी इच्छा आहे, लिहा.

मायची ती घागर मी वाट्यात ठेवलीच नव्हती. चिंचेनं घासून, मांडीवर घेऊन एसटीनं भाचीकडं गेलो. तिनं नावावरून बोट फिरवलं. मी तिला 1989 ची सगळी हकीकत सांगितली. तिच्या मायनं काय मागितलं होतं आणि मी काय बोललो होतो, तेही सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मायला सगळं ठाऊक होतं." पुढं मला बोलवेना. माझ्या दोन एकरांतलं एक एकर काळं रान भाचा-भाचीच्या नावानं मृत्युपत्रात लिहून ठेवलंय आणि मुलांना ते वाचून दाखवलंय.

आता माझी मागणी. बहिणीचा जबाब किंवा हक्कसोडपत्र घेताना अधिकाऱ्यानं भाऊ, दीर, नवरा सगळ्यांना बाहेर थांबवावं आणि तिला एकटीला विचारावं. तुमचा हिस्सा किती एकर किती गुंठे निघतो, तो सोडला तर परत मिळणार नाही, हे तिला तिच्या बोलीत सांगावं. ती नको म्हणाली तर आठ दिवस जाऊ द्यावेत आणि परत बोलवावं. याला पाच-दहा मिनिटं जास्त लागतील. अनेक जण म्हणतात, लेकीला विचारलं की घरात भांडणं लागतात. ज्या घरात हे केलं त्या घरातलं मी सांगतोय. वाटणीनंतरच्या पंचमीला तिला आणायला दोघं भाऊ गेले होते. धाकटा त्यासाठी चाकणहून आदल्या रात्री निघून आला होता.

आपला,
एक शेतकरी
औसा तालुका, जि. लातूर