दांडिया बाजारातल्या लॅबच्या ताईंना

ताई, नमस्कार.

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ताई. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत.

सासूबाईंच्या रिपोर्टात कॅल्शियम ७.४ आलं. असायला हवं साधारण ८.५ ते १०.५. झालं! जाऊबाईंनी गोळ्यांचं नाव कळवलं, शेजारच्या बेननी सुखडीचा डबा धाडला, पुण्याच्या मावसबहिणीने तर फोनवरच इंजेक्शन सुचवलं. (सुखडी मात्र फस्त झाली.)

रिपोर्ट हातात देताना तुम्ही खालच्या एका ओळीवर बोट ठेवलंत. "अल्ब्युमिन २.४ आहे. मी डॉक्टर नाही, पण हे दोन्ही आकडे त्यांना एकत्र दाखवा. तोवर आजींना मनाने काही देऊ नका." काउंटरवर एवढी गर्दी असताना हे सांगायची तुम्हाला काही गरज नव्हती.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. रक्तातलं जवळजवळ ४० टक्के कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटून असतं. नसा, स्नायू, हृदय यांच्या कामी येतं ते मोकळं कॅल्शियम. लांबलेल्या आजारपणात अल्ब्युमिन उतरलं की एकूण आकडाही उतरतो. मोकळं तेवढंच असू शकतं. अल्ब्युमिन ४ च्या खाली जितके ग्रॅम, तितक्यांदा ०.८ मिळवायचे, असा हिशेब आहे. तो मांडला तर ७.४ चे ८.७ च्या आसपास होतात. पण म्हाताऱ्या, आजारी माणसात या हिशेबावर फार विसंबता येत नाही म्हणून त्यांनी आयोनाइज्ड कॅल्शियम, म्हणजे मोकळं कॅल्शियम थेट मोजायची तपासणी, लिहून दिली.

आणि ते रक्त तुम्ही काढलंत! सासूबाईंची शीर म्हणजे लपाछपी. रक्त काढताना इतर ठिकाणी दंडाला पट्टा करकचून बांधतात आणि "मूठ आवळा, सोडा" चालू असतं. तुम्ही हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकवलात, पट्टा जेमतेम बांधून लगेच सोडलात, मूठ आवळू दिली नाहीत. फार वेळ आवळलेल्या पट्ट्याने एकूण कॅल्शियम खोटंच वाढतं, आणि मूठ आवळल्याने मोकळ्याचा आकडाही हलतो, हे तुम्ही काम करता करता आजींनाच सांगत होतात. हवा लागली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि मोकळं कॅल्शियम कमी दिसतं, म्हणून सिरिंज बंद करून तुम्ही स्वतः मशीनकडे धावलात. आजी मागून ओरडल्या, "अगं, पडशील!"

मोकळ्याचा आकडा आला १.२१ मिलिमोल (याचं माप वेगळं). रेंजमध्ये. कॅल्शियमच्या गोळ्या नकोत, असं डॉक्टर म्हणाले. आता लक्ष अल्ब्युमिन का उतरलं याकडे आहे, आणि आजींच्या ताटात डाळ, दही, पनीर वाढलंय. पनीरवर त्यांची नाराजी आहे, ती वेगळी.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचंय. आजींनी बजावलंय की सुई त्याच मुलीच्या हातची. तेव्हा रजा घेणार असाल तर आधी कळवा, आम्ही तारीख बदलू.

आपली,
आजींची सून