तिरंग्याची सुरगाठ आणि लॅबची किल्ली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

यंदा ध्वजाचं काम नववीकडे आलं आणि शाळेत अटल टिंकरिंग लॅबही (मुलांनी स्वतः यंत्रं बनवून शिकायची, सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) सुरू झाली, हे वाचून तुझ्या आईला आणि मला फार आनंद झाला. दोन्ही कामं हातांनी शिकायची आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या मराठवाड्यात शाळेचा ध्वज वर्षातून चारदा चढतो: १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर, २६ जानेवारी आणि १ मे. त्यातला सप्टेंबरचा दिवस पाहुण्यांच्या भाषणात उरकला जातो, याचं मला वाईट वाटतं. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण निजामाच्या राज्यात होतो आणि इथे तिरंगा लावणाऱ्याला तुरुंग होता. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक होते, हे लहान वर्गांना जरूर सांगा.

आता कामाचं. ध्वजाची लांबी-रुंदी ३:२ असते. शाळेचा खांब वीस फुटी धरला तर त्याला ९०० × ६०० मिलिमीटरचा ध्वज बेताचा होतो. १३५० × ९०० चा जास्त शोभतो, पण पावसात भिजला की जड होतो. आपल्या नांदेडलाच मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. नवा घ्यायचा असेल तर सरांना तिथूनच मागवायला सांगा.

दोर खांबाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर पाच फूट लागतो, म्हणजे वीस फुटाला ४५ फूट. सुती दोर ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात फुगतो आणि कप्पीत अडकतो. ८ मिलिमीटरचा नायलॉनचा दोर घ्या. तो गुळगुळीत असतो, त्यामुळे खालच्या खुंटीला एक वेढा जास्त द्यावा लागतो. कप्पीला आदल्या आठवड्यात तेल द्या, आदल्या दिवशी नको. ताजं तेल दोरावरून ओघळून कापडावर उतरतं.

सगळ्यात जास्त फजिती गाठीत होते. ध्वज उघडताना दोन गोष्टी बिघडतात: तो उलटा निघतो किंवा निघतच नाही. उलटा निघू नये म्हणून दोराच्या वरच्या टोकाला केशरी धागा गुंडाळून ठेवा. केशरी पट्ट्याकडचं टोक तिथेच बांधायचं. ध्वज लांबीच्या दिशेने तिहेरी दुमडा, मध्ये पाकळ्या ठेवा आणि मोकळ्या कडेपासून खांबाकडच्या कडेपर्यंत गुंडाळत या. वरून दोराचे दोनच वेढे द्या आणि सुरगाठ मारा. सुरगाठीत दोराचं टोक पूर्ण आरपार न्यायचं नसतं, दुमडलेला फासा तेवढा आत सरकवायचा. घाईत टोक आरपार गेलं की निरगाठ बसते, मग मुख्याध्यापक कितीही ओढोत, ती आवळतच जाते. तीन-चार वेढे दिले तरी तेच होतं. फास्याचं मोकळं टोक ओढायच्या दोराकडेच आहे ना, हे दोन जणींनी मिळून बघा.

पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची, म्हणजे राष्ट्रध्वजाच्या सरकारी नियमावलीची, परवानगी आहे. एक ओंजळ पुरे. झेंडूच्या पाकळ्या सुट्या आणि कोरड्या हव्यात. ओल्या असल्या तर पांढऱ्या पट्ट्यावर डाग पडतो. आदल्या दिवशी खऱ्या ध्वजावर सराव करू नका, त्याच मापाचं जुनं कापड घ्या.

मुलं तीन बाजूंना आणि खांब चौथ्या बाजूच्या मध्यावर, अशी चौकोनी रचना संहितेत दिली आहे. ध्वज उघडणारी व्यक्ती खांबामागे तीन पावलांवर उभी राहते, दोन रांगांत किमान ३० इंच अंतर असतं. लाऊडस्पीकर माइकच्या पुढे ठेवा. मागे ठेवला तर ऐन राष्ट्रगीतात शिट्टी वाजते.

ध्वज चढवायचा झटकन, उतरवायचा सावकाश, सूर्यास्ताआधी. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली घ्या. मग पांढरा पट्टा दोन्हीकडून असा दुमडा, की वर अशोकचक्र आणि त्याच्या कडेला थोडा केशरी-हिरवा दिसेल. ओला ध्वज पेटीत ठेवला तर बुरशी येते. आधी सावलीत वाळवा.

लॅबबद्दल. या योजनेत शाळेला एकूण २० लाख रुपये मिळतात, १० उभारणीला आणि १० पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. म्हणजे वायरी, सेन्सर संपले तर परत आणता येतात. ‘बिघडेल’ म्हणून कपाटाला कुलूप लावून ठेवायचं काहीच कारण नाही. मात्र काय वापरलं, काय जळलं याची रोज नोंद हवी, कारण पुढचा पैसा हिशेबावर येतो. ती वही तू घे.

लाल एलईडी थेट ५ व्होल्टला जोडला की जळतो. तो साधारण २ व्होल्ट घेतो. उरलेल्या ३ व्होल्टसाठी २२० ओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे प्रवाह १४ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. आर्डुइनो उनोच्या (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाच्या) पिनेवर २० मिलिअँपिअरच्या वर जाऊ नका आणि मोटर तर पिनेला कधीच थेट जोडू नका, मध्ये ड्रायव्हर, म्हणजे मोटरला लागणारा जास्त प्रवाह पुरवणारं सर्किट, हवा. थ्रीडी प्रिंटरचा पहिला थर सुटत असेल तर आधी बेडवरचे, म्हणजे ज्या पाटावर वस्तू छापली जाते त्यावरचे, बोटांचे डाग पुसा. छपाईची प्लास्टिकची तार पीएलए प्रकारची असेल तर नोझल (ती वितळून बाहेर पडते ते तोंड) २०० आणि बेड ६० अंश सेल्सिअसवर ठेवा. पावसाळ्यात पीएलएची तार दमट होऊन तडतडते आणि तुटते. ती झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

पहिला प्रकल्प म्हणून ५२ सेकंद मोजणारं यंत्र करा. राष्ट्रगीताला तेवढाच वेळ लागायला हवा आणि सरावाशिवाय मुलं रेंगाळतातच. एक बटण, तीन एलईडी: २६ व्या सेकंदाला हिरवा, ४५ व्या सेकंदाला पिवळा, ५२ ला लाल. पाचवी-सहावीच्या मुलांना दिवा बघून लय लगेच कळेल.

आणि खांबाची उंची अंदाजाने सांगू नकोस. एक मीटरची काठी उभी रोवून तिची आणि खांबाची सावली एकाच वेळी मोज. खांबाच्या सावलीला काठीच्या सावलीने भागलंस की उंची मीटरमध्ये येते. आकडा कळव, दोर मी सोमवारच्या एसटीने पाठवतो.

तुझे
बाबा